वाद्याचा आकार आणि कानाचा न्याय

विजेवर वाजणाऱ्या गिटारीचे चित्र नजरेस पडताच ज्यांच्या कपाळाला आठी पडते, अशा सुशिक्षित गृहस्थांची संख्या आपल्याकडे लहान नाही. बाणाच्या फाळासारखी दुभंगलेली, तारकेसारखी टोकदार, कधी दोन मानांची तर कधी शिरच नसलेली ती गिटार, ती गळ्यात अडकवून केस मोकळे सोडून उभा राहिलेला तो वादक, आणि त्याच्या पाठीशी रचलेली ध्वनिक्षेपकांची ती भिंत, या सर्वांचा मिळून एकच निकाल ते देऊन टाकतात की, येथे संगीताचा संबंध संपला आणि प्रदर्शन सुरू झाले. हा निकाल बहुधा डोळ्यांनी दिलेला असतो. कानांची साक्ष त्यात नोंदलेलीच नसते. ज्या मुलखात मी राहतो त्या हिंगोली जिल्ह्यात रॉक संगीताचे नाव क्वचितच निघते हे खरे. परंतु विजेच्या तारवाद्याविषयीचा हाच पूर्वग्रह येथे दुसऱ्या एका वाद्याच्या वाट्याला रोज येत आहे, आणि त्या वाद्याची कैफियत मांडण्यासाठीच गिटारीचा हा लांबचा प्रवास मला आवश्यक वाटतो.

प्रथम आकाराचा मुद्दा घेऊ. विचित्र आकार हे पाश्चात्त्य उच्छृंखलतेचे लक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच वाद्यांकडे एकदा निरखून पाहावे. दक्षिणेतील सरस्वती वीणेच्या दांडीचे टोक व्याळाच्या मुखात संपते. ताऊस नावाच्या वाद्याचे सारे धडच मोराचे असते, त्याला मोराची मान असते, चोच असते. चपट्या भोपळ्याच्या सतारीला कासवाच्या पाठीवरून नाव मिळाले. आणि रुद्रवीणेचे दोन प्रचंड भोपळे प्रथमच पाहणाऱ्या परकीय प्रवाशाला केवढे अद्भुत वाटले असतील याची कल्पनाच करावी. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी सतार आणि तंबोरा घडवण्याची जी परंपरा सुरू केली, ती शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातून उगवली. तलवारींची मागणी ओसरली तेव्हा तेच हात लाकडाकडे आणि पंढरपूरच्या परिसरात पिकणाऱ्या कडू भोपळ्यांकडे वळले, आणि शस्त्राचा डौल ज्यांच्या बोटांत मुरला होता त्यांनी तंबोऱ्याला तो डौल दिला. तेव्हा वाद्याने डोळ्यांनाही काही सांगावे ही अपेक्षा आपल्या संस्कृतीला कधीच परकी नव्हती.

मात्र या जुन्या वाद्यांच्या आकाराला एक मर्यादा होती आणि ती ध्वनिशास्त्राने घातलेली होती. तारेचा स्वतःचा आवाज अत्यंत क्षीण असतो. घोडीवाटे तो तबलीत उतरतो, तबली पोकळीतील हवेला हलवते, आणि मग तो आपल्या कानापर्यंत पोहोचतो. म्हणून भोपळा केवढा असावा, लाकूड किती पातळ तासावे, हे कारागिराच्या लहरीवर अवलंबून नसते. मोराची मान कितीही सुंदर कोरली तरी तिच्या खाली नाद घुमवणारे धड ठेवावेच लागते. पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या सूक्ष्म तारेचे वेटोळे ठेवण्याची युक्ती निघाली त्या दिवशी ही मर्यादा गळून पडली. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि तोच प्रवाह वाढवून ध्वनिक्षेपकाला दिला की नाद तयार होतो. मग पोकळीला कामच उरत नाही. उलट पोकळ धड ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा शोषून शीळ घालू लागते, म्हणून भरीव लाकूडच सोयीचे ठरते. अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी गिटार बाजारात आणली ती ॲल्युमिनियमची होती, आणि तिचे धड एवढेसे व गोल होते की लोक तिला तळणीचा तवा म्हणत.

लेस पॉल या वादकाने 1940 च्या सुमारास केलेला प्रयोग मला या सर्व इतिहासात विशेष बोधप्रद वाटतो. त्याने चौकोनी लाकडाचा एक ओंडका घेतला, त्याला मान, तारा आणि चुंबक बसवले, आणि तो वाजवून दाखवला. नाद उत्तम होता. श्रोते मात्र थंड राहिले. तेव्हा त्याने एक जुनी पोकळ गिटार मधोमध चिरून तिचे दोन भाग त्या ओंडक्याच्या दोन्ही अंगांना पंखांसारखे जोडले. नादात त्यांचा वाटा जवळजवळ शून्य होता. पण पुढे तो स्वतः सांगत असे त्याप्रमाणे, तेच वादन ऐकून आता लोक खूश झाले. आपण कानाने ऐकतो असे आपल्याला वाटते, परंतु कानाच्या कचेरीत डोळा हा केवढा वजनदार कारकून बसलेला असतो, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

आकार मोकळा झाल्यावर त्या स्वातंत्र्याचा उपयोग कोणी कसा केला, यावर माझ्या मते गुणदोषांचा निवाडा व्हावा. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ; त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. परंतु वाजवणाऱ्यांचे म्हणणे तो कान देऊन ऐकत असे. 1954 साली त्याची स्ट्रॅटोकास्टर आली, तेव्हा तिच्या पाठीला बरगड्यांच्या जागी खोलगट तासले होते, पुढची कड मनगटाखाली उतरती केली होती, आणि वरच्या पट्ट्यांपर्यंत हात पोहोचावा म्हणून दोन्ही बाजूंना शिंगे काढली होती. आज ही गिटार इतकी परिचित आहे की तिचा आकार विचित्र होता हेच आपण विसरलो आहोत. शरीराच्या गरजेतून निघालेला आकार काळाबरोबर नैसर्गिक वाटू लागतो. याच्या उलट 1958 साली गिब्सन कंपनीने काढलेली फ्लाइंग व्ही पाहा. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची ही गिटार बसून वाजवू गेल्यास मांडीवरून घसरते. कारखान्यालाही ते कळले होते, म्हणून तिच्या कडेला रबराची पट्टी डकवलेली असे. पहिल्या दोन वर्षांत तिची शंभर नगांइतकीही विक्री झाली नाही. आणि तरीही अल्बर्ट किंग नावाच्या डावखुऱ्या ब्लूज गायकाने तीच गिटार उलटी धरली, तारा मूळ क्रमातच ठेवल्या, आणि त्या तारा खेचून असा आर्त स्वर काढला की तिच्या आकाराची चर्चा मागे पडली. किंगचे वादन मला मोठे वाटते. पण त्याचे श्रेय त्या आकाराला द्यावयास मी तयार नाही.

नेड स्टाइनबर्गर हा मुळात फर्निचरची रचना करणारा. त्याने गिटारीचे शिरच काढून टाकले आणि तारा पिळण्याच्या खुंट्या धडाच्या टोकाला नेल्या. पाहणाऱ्याला हा शिरच्छेद अघोरी वाटतो. परंतु लांब मानेच्या टोकाला लोखंडी खुंट्यांचे ओझे असले की वाद्य एका बाजूस झुकते, डावा हात स्वर दाबायचे सोडून ते तोलून धरण्यात गुंततो, आणि ही अडचण त्याने मुळातच नाहीशी केली. जिमी पेज या रॉक वादकाच्या दोन मानांच्या गिटारीचेही मी समर्थन करीन, कारण एकाच गीतात त्याला बारा तारांचा झंकार आणि सहा तारांचे एकल वादन दोन्ही हवे होते आणि मैफलीत वाद्य बदलायला उसंत नव्हती. रिक नील्सनची पाच मानांची गिटार मात्र कितीही गाजली तरी मला वाद्य म्हणून मान्य होत नाही. दोन हातांच्या माणसाला पाच माना कशासाठी, या प्रश्नाचे सांगीतिक उत्तर तिच्यापाशी नाही.

या सर्वांत ज्या गिटारीविषयी मला मनःपूर्वक आदर आहे, ती कोणत्याही कारखान्यात तयार झालेली नाही. 1963 सालच्या ऑगस्टात लंडनजवळच्या एका मध्यमवर्गीय घरात ब्रायन मे हा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार बाप हॅरोल्ड, यांनी विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून गिटार घरीच करावयास घेतली. मानेचे लाकूड एका शंभराहून अधिक वर्षे जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. त्याला कीड लागून पडलेली छिद्रे काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. स्वर थरथरवण्याची जी कळ असते ती एका जुन्या सुरीच्या पोलादी धारेवर तोललेली, आणि तिला उलट जोर देणाऱ्या स्प्रिंगा मोटारसायकलीच्या इंजिनातून काढलेल्या. मानेवरच्या स्वरस्थानांच्या खुणा म्हणजे आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्याची बटणे. दोन वर्षांच्या आसपास हे काम चालले. ही गिटार ब्रायन मेने पुढे आयुष्यभर वाजवली, आणि 2002 साली इंग्लंडच्या राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून राष्ट्रगीत वाजवले तेही तिच्यावरच. या वादकाने मध्यंतरी अर्धवट सोडलेला खगोलभौतिकीचा प्रबंध 2007 साली पूर्ण करून डॉक्टरेट मिळवली. मोकळे कुरळे केस म्हणजे रिकामे डोके, असे समीकरण मांडणाऱ्यांनी ही नोंद आपल्या दप्तरी अवश्य ठेवावी.

ब्रायन मे ज्यात वाजवत आला त्या क्वीन या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय जीवन आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत गेले. फारोख बलसारा हे त्याचे मूळ नाव. झांझिबारच्या पारशी कुटुंबातून तो इथे वसतिगृहात आला, पियानो शिकला, आणि 1958 साली शाळासोबत्यांबरोबर द हेक्टिक्स नावाचा आपला पहिला वाद्यवृंद त्याने येथेच उभा केला. पुढे 13 जुलै 1985 रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर त्याने केवळ स्वराच्या हुकमतीवर सत्तर हजारांचा समुदाय आपल्या आवाजामागे गायला लावला. त्याचे भडक पोशाख आवडणे न आवडणे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच्या गळ्याविषयी दुमत होण्याचे कारण मला दिसत नाही.

रॉक वादकांच्या दुसऱ्या एका पिढीविषयी, तिचा आवाज अतिशय जड आणि कर्कश आहे, अशी तक्रार होते. या जडपणाचा उगम कोठे आहे हे पाहिले म्हणजे मन बदलते. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा कामगार पोर. 1965 साली, सतरा वर्षांचा असताना, पत्रे कापणाऱ्या कारखान्यात नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बेंजोच्या पातळ तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल करून वाद्य तीन अर्धस्वरांनी खाली उतरवले. सैल तारेचा तो खोल, गंभीर, खर्जातला घुमारा म्हणजेच पुढे हेवी मेटल या नावाने जगभर गेलेल्या शैलीचा पाया. ज्याला आपण उद्दामपणाचा आवाज समजतो तो एका जायबंदी हाताने शोधलेला मार्ग आहे, हे कळल्यावर तो मला कर्कश वाटत नाही.

जिमी हेंड्रिक्सलाही मी याच पंक्तीत बसवतो. डावखुऱ्यांची गिटार सहज मिळत नसे, म्हणून त्याने उजव्या हाताची गिटार उलटी केली आणि तारा पुन्हा सरळ क्रमाने लावल्या. त्यामुळे तिरपे बसवलेले चुंबक उलट दिशेला झुकले, खर्जाच्या तारांचा ताठपणा वाढला आणि वरच्या तारा मऊ बोलू लागल्या. ध्वनिक्षेपकाची शीळ हा इतरांच्या दृष्टीने दोष होता, तो त्याने स्वर म्हणून ताब्यात घेतला. आणि 1969 साली वुडस्टॉकच्या मैदानावर आपल्या देशाचे राष्ट्रगीत वाजवताना व्हिएतनाममधील बॉम्बवर्षाव त्याने त्याच शिळेतून ऐकवला. तेवढ्यापुरते त्याचे वाद्य इतिहासाचे साक्षीदार झाले. परंतु त्याच हेंड्रिक्सने 1967 साली माँटेरीला भर सभेत गिटार पेटवून दिली, आणि त्याच्याही आधीपासून पीट टाउनशेंड आपल्या गिटारी आपटून फोडत असे, या गोष्टींचे समर्थन मी करू शकत नाही. टाउनशेंडच्या हातून 1964 साली पहिली गिटार मोडली ती छत ठेंगणे असल्याने, अपघाताने. पुढे लोकांना ते आवडते हे पाहून त्याने त्याचा परिपाठ केला. आमच्या जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव. या भागात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एक वीणेकरी दमला की दुसरा पुढे होतो, पहिल्याच्या पायाला हात लावतो, आणि गळ्यातून गळ्यात वीणा जाते. ज्याने हे एकदा पाहिले त्याला फुटलेल्या गिटारीच्या ढलप्या पाहून टाळ्या वाजवणे शक्य नाही, आणि या बाबतीत मी निःशंकपणे माझ्या गावाच्या बाजूने आहे.

आता ज्या वाद्यासाठी हा सारा प्रपंच केला त्याच्याकडे वळतो. महाराष्ट्रात विजेवर वाजणारे, रस्त्यावर उभे राहून वाजवले जाणारे, हजारोंना नाचायला लावणारे तारवाद्य कोणते, असे विचारले तर उत्तर गिटार असे येणार नाही; ते बेंजो असे येईल. गोल चामड्याचा अमेरिकन बेंजो निराळा. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा विजेवर चालणारा वंशज, आणि त्याचे मूळ जपानात आहे. 1912 साली, ताइशो राजवटीच्या आरंभी, नागोया येथील मोरिता गोरो याने लांबट पेटीवर तारा ताणून त्यांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवल्या, ते ताइशोगोतो. समुद्रमार्गे हे वाद्य हिंदुस्थानात आले, पंजाबात शिरले, कव्वालीच्या बैठकीत बसले, बलुचिस्तानात बेंजू होऊन तेथील लोकसंगीताचे प्रमुख वाद्य ठरले, आणि मुंबईच्या चाळींतून गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत उतरले. तेथून ते महाराष्ट्राच्या गावोगावी पसरले. रवी जाधव यांनी 2016 साली याच वाद्याच्या नावाने हिंदी चित्रपट काढला, त्यात मराठवाड्याचेच रितेश देशमुख नायक होते. परंतु चित्रपट आला आणि गेला, बेंजोवाल्याची सामाजिक पायरी होती तेथेच राहिली.

वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कोठेही लग्नसराईत वरातीला उभे राहावे आणि त्या वाद्याकडे जवळून पाहावे. हातगाडीवर किंवा टेम्पोच्या मागल्या फळीवर लाकडी पेटी बसवलेली असते. तिच्या अंगावर चकचकीत रंग, आरशाचे तुकडे किंवा देवाचे चित्र असते. एकीकडे जनित्र धडधडत असते, बाजूला ताशा, ढोल आणि ऑक्टोपॅड असतात. वादकाच्या डाव्या हाताची बोटे दोन ओळींच्या गोल कळांवर पळत असतात. कळ दाबली की तिच्या खालची धातूची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते, आणि उजव्या हातातील पातळ चकती एकाच वेळी सर्व तारांवर फिरते. स्वराच्या तारांबरोबर साथीच्या तारा अखंड गुंजत राहतात. या रचनेत एक मोठी उणीव आहे. बोट तारेला प्रत्यक्ष लागत नाही, त्यामुळे सतारीसारखी मींड काढता येत नाही. परंतु मी एका वरातीत उन्हाने काळवंडलेल्या एका तरुण वादकाला पाहिले, तो कळ नुसती दाबत नव्हता. दाबल्यावर तिच्यावर अंगठ्याचे वजन चढवत होता, तार किंचित ताणली जाऊन स्वर वर सरकत होता, आणि वजन कमी होताच मूळ जागी येत होता. एका लोकप्रिय भीमगीताच्या चालीत त्याने ही हालचाल इतक्या नेमकेपणाने वापरली की गाणाऱ्याच्या गळ्यातला कंप त्या पेटीतून उमटला. यंत्राने नाकारलेली गोष्ट हाताने मिळवली, आणि हेच अल्बर्ट किंगने केले, हेच आयोमीने केले. फरक इतकाच की त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले आणि या तरुणाला बिदागीचा अर्धा भाग वरात संपल्यावरही मागावा लागत होता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. बेंजो म्हणजे गोंगाट. त्याने रुग्णांची झोप मोडते, विद्यार्थ्यांचा अभ्यास बुडतो. ही तक्रार मी फेटाळणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई करतात, आणि ते नियम पाळले गेलेच पाहिजेत. परंतु आवाज किती मोठा असावा हा ध्वनिक्षेपकाच्या खटक्याचा प्रश्न आहे, वाद्याचा नव्हे. शिवाय, अलीकडे बेंजोची जागा ज्या डीजेने बळकावली आहे त्यात वादकच नाही; तेथे मुद्रित गाण्यांचा प्रचंड दणका आहे, छातीत धडका भरवणारा खर्ज आहे, आणि एकाही माणसाच्या बोटांचे काम नाही. बेंजोवाला एका चालीतून दुसऱ्या चालीत जाताना नाचणाऱ्यांकडे पाहतो, लय वाढवतो, कोणी दमलेला दिसला की उतरवतो. या जिवंत देवघेवीला डीजेच्या पंक्तीत बसवून दोहोंवर एकच ठपका ठेवणे म्हणजे पीक आणि तण एकाच विळ्याने कापणे होय.

दुसरा आक्षेप विद्वानांचा असतो: हे वाद्य परके आहे, त्याला शास्त्र नाही, श्रुती नाहीत, घराणे नाही. हे शब्द आपण पूर्वीही ऐकले आहेत, आणि ते ज्या वाद्याविषयी उच्चारले गेले ते आज प्रत्येक गावच्या भजनी मंडळात आहे. हार्मोनियम युरोपातून आली; कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला बसून हाताने भाता चालवण्याजोगी केली; आणि 1940 साली आकाशवाणीने ती परकी व बेसूर ठरवून आपल्या केंद्रांतून हद्दपार केली. ही बंदी तीन दशके टिकली. ज्या काळात गोविंदराव टेंबे यांच्यासारखा वादक या वाद्यातून गायकीचे मर्म उलगडून दाखवत होता, त्याच काळात सरकारी फर्मान त्या वाद्याला संगीतच मानत नव्हते. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवून श्रुतींच्या आक्षेपाला प्रत्यक्ष उत्तर दिले. बंदी उठली, आक्षेप विरले, पेटी राहिली. बेंजोच्या बाबतीत आपण तीच चूक दुसऱ्यांदा करीत आहोत, आणि या वेळी तर बंदीचा हुकूमही काढावा लागलेला नाही. केवळ दुर्लक्षाने काम भागले आहे.

औंढा नागनाथाच्या देवळापुढे कीर्तन करण्यास नामदेवांना मज्जाव झाला, ते मागल्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, अशी आख्यायिका आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तिची ऐतिहासिक सत्यता तपासणे हे माझे काम नव्हे. ज्या जिल्ह्याने ही कथा सातशे वर्षे जपली, तेथे वादकाची योग्यता तो कोठे उभा आहे यावरून ठरू नये, एवढी अपेक्षा मात्र मी करतो. आज बेंजोवाला देवळाच्या मागेही नाही. तो रस्त्याच्या कडेला आहे, वरात मंडपात शिरली की त्याने बाहेर थांबायचे असते, आणि जेवणाची पंगत उठल्यावर त्याची पाळी येते. बहुतेक बेंजोवादक ज्या वस्त्यांतून येतात त्या वस्त्यांचा आणि या वागणुकीचा संबंध न दिसण्याइतके आपण कोणीही अजाण नाही. रॉक संगीताचा उगमही अमेरिकेतील काळ्या शेतमजुरांच्या ब्लूजमध्ये आहे. त्या गाण्याला सभ्य समाजाने प्रथम दिलेली वागणूक हीच होती. तेथे नंतर विद्यापीठांनी अध्यासने काढली, ध्वनिमुद्रणे जतन केली, जुन्या गिटारी संग्रहालयांत ठेवल्या. येथे अजून एकही पाऊल पडलेले नाही.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच वर्षी आमच्या वसमतच्या हळदीलाही मिळाले. दोन्हींचा मला अभिमान आहे. अशा मानांकनामुळे कारागिराच्या हातांची आणि मातीच्या गुणाची दखल सरकारी दप्तरात होते. बेंजोसाठी मानांकन मागावे असे मी म्हणत नाही, कारण तो एका गावाचा नाही. परंतु हे वाद्य महाराष्ट्रात कोण घडवतात, जपानी पेटीत त्यांनी कोणते बदल केले, किती तारा वाढवल्या, चुंबक कोठे बसवले, कळांखालच्या पट्ट्या कशाच्या केल्या, आणि एका पिढीने दुसरीला ते कसे शिकवले, याची नोंद आजच घेतली नाही तर दहा-पंधरा वर्षांनी घेण्यासारखे फारसे शिल्लक राहणार नाही, कारण डीजेच्या लाटेत एकेक बेंजो पार्टी मोडत चालली आहे आणि वादक रोजंदारीला लागत आहेत.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. हिंगोलीचा दसरा महोत्सव साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. रामलीला मैदानावर त्या दिवसांत लोटणारी गर्दी कोणत्याही मोठ्या शहराला हेवा वाटावी अशी असते. या महोत्सवात एक संध्याकाळ बेंजोवादनासाठी राखून ठेवावी. वादकाला व्यासपीठावर खुर्ची द्यावी, त्याचे नाव पत्रिकेत छापावे, आवाज मर्यादेत ठेवावा, आणि लोकांना प्रथमच ते वाद्य न नाचता, बसून ऐकू द्यावे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी आणि संगीत विभागांनी विद्यार्थ्यांना या वादकांकडे पाठवून त्यांच्या मुलाखती व वादन मुद्रित करून घ्यावे. त्यासाठी आज एका मोबाइलपलीकडे काही साधन लागत नाही. आणि वाचकाला वैयक्तिक विनंती एवढीच की, पुढच्या लग्नसराईत आपल्या दारावरून वरात जाईल तेव्हा क्षणभर त्या पेटीजवळ थांबावे, वादकाची बोटे पाहावी, त्याचे नाव आणि गाव विचारावे, आणि मंडप आपला असेल तर त्याला पहिल्या पंगतीला बसवावे.